टॅक्सी थांबवायचा आदेश निघतो, मग कर्जाचा हप्ता थांबवायचा का निघत नाही? परिवहन विभागाला खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री, मा. परिवहन आयुक्त आणि विभागातले सगळे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहतो आणि अ‍ॅपवर टॅक्सी चालवतो. गाडी स्वतःची, कर्ज काढून घेतलेली, आणि कोरोना आला तेव्हा ते कर्ज अर्ध्यावर होतं. आज हे पत्र लिहायचं कारण म्हणजे सध्या कुठलीही साथ नाहीये. साथ आली की मंत्रालयात कुणाला बोलायला वेळ नसतो, आदेशावर आदेश निघतात, रात्री निघालेला आदेश सकाळी बदलतो, आणि तेव्हा आमच्यासारख्यांनी काही मागायला जावं तर लोक मरतायत आणि तुम्हाला धंद्याचं पडलंय असं ऐकावं लागतं. म्हणून आत्ता, डोकं शांत असताना, मागतोय. अ‍ॅग्रीगेटरच्या, म्हणजे ओला-उबरसारख्या अ‍ॅप कंपन्यांच्या, नियमांत साथीचं एक कलम घाला.

२०२० च्या मार्चमध्ये काय झालं ते आधी सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लॉकडाऊन लागला आणि टॅक्सी बंद झाली, एवढंच. तसं नव्हतं. धंदा त्याच्या आधीच गेला होता. ९ मार्चला पुण्यात पहिले पेशंट सापडले, दुबईहून आलेलं जोडपं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि ज्याने त्यांना मुंबईहून पुण्याला आणलं तो टॅक्सीचालक असे आणखी तिघं पॉझिटिव्ह आले. साहेब, महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच पेशंटमध्ये एक आमचा माणूस होता हे कृपा करून विसरू नका. त्याने काय गुन्हा केला होता, एअरपोर्टची ट्रिप केली होती. त्या दिवसानंतर ड्रायव्हर एअरपोर्टचं पिकअप घ्यायला घाबरायला लागले आणि पॅसेंजर टॅक्सीत बसायला, म्हणजे दोन्हीकडून भीती, आणि दोघांचीही खरी.

मग ऑफिसं घरून सुरू झाली. बीकेसी, ऐरोली, तिकडे हिंजवडी, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ हे जे आमचे सोन्याचे तास, ते आठवड्याभरात रिकामे झाले. लग्नं पुढे ढकलली, मॉल बंद, थिएटर बंद, त्यामुळे रात्रीच्या ट्रिपा गेल्या. मग कंपन्यांनी शेअर राइड बंद केल्या, ते बरोबरच केलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, त्याच रात्रीपासून लोकल बंद, २४ च्या मध्यरात्री देशांतर्गत विमानंही बंद आणि २५ पासून सगळा देश बंद. मुंबई पुणे रेड झोनमध्ये, म्हणजे मे मध्ये ऑरेंज झोनला टॅक्सी सुरू झाली तेव्हाही आम्ही घरीच. २५ मे ला विमानं सुरू झाली ती मुंबईत दिवसाला २५ उड्डाणं आणि २५ उतरणं एवढीच, जिथे एरवी शेकड्याने विमानं येतात जातात. जूनमध्ये निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवायचं मिशन बिगिन अगेन आलं तर टॅक्सी फक्त अत्यावश्यक कामासाठी आणि गाडीत ड्रायव्हर धरून तिघंच. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, तो सप्टेंबरमध्ये गेला, तोपर्यंत आउटस्टेशनचं नाव नाही. डिसेंबरात परत रात्रीची संचारबंदी.

हे सगळे निर्णय चुकीचे होते असं मी म्हणत नाहीये, त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं आणि माणसं वाचवायची होती. माझं म्हणणं एवढंच आहे की मागणी आपोआप कमी होणं वेगळं आणि सरकारने आदेश काढून बंद करणं वेगळं. गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबई रिकामी होते, धंदा बसतो, ते आम्ही सोसतो, तो धंद्याचाच भाग आहे. पण जेव्हा सगळ्यांच्या भल्यासाठी आमचा धंदा बंद ठेवला जातो तेव्हा त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायला पाहिजे ना, तो एकट्या ड्रायव्हरच्या खिशातून कसा काय गेला?

आता हिशोब सांगतो, कारण मागणी निम्मी झाली म्हणजे कमाई निम्मी झाली असं मोठ्या मोठ्या लोकांनाही वाटतं. समजा चांगल्या दिवशी ३००० रुपयांचं काम झालं. त्यातले २५ टक्के कंपनीचे धरा, म्हणजे ७५० गेले. सीएनजी ७००. हप्ता महिन्याला १५ हजार, म्हणजे दिवसाला ५००. चहा जेवण पार्किंग २००. हातात उरले ८५०, त्यात घर. आता मागणी निम्मी झाली, काम १५०० चं झालं. कंपनीचे ३७५ गेले, पण सीएनजी काही ३५० होत नाही, कारण ट्रिपा लांब लांब पडतात, एक सोडला की दुसरा उचलायला रिकामं जावं लागतं, तेव्हा ५५० तरी धरा. हप्ता तोच ५००, आणि खाणं पिणं पार्किंग तेवढंच. बेरीज करा, १२५ रुपये अंगावर येतात. म्हणजे मागणी निम्म्यावर आली की दिवसभर गाडी चालवूनही आमची कमाई शून्याच्याही खाली जाते. त्यात इन्सेंटिव्ह, म्हणजे कंपनीचा जादा बोनस, ट्रिपांच्या टार्गेटवर असतो, टार्गेट पुरं झालं नाही तर तो पूर्ण गेला, थोडा कमी मिळतो असं नाही. तुमच्या फायलीत जेव्हा ५० टक्के क्षमतेने वाहतूक सुरू असं लिहिलं जातं ना, तेव्हा आमच्याकडे ते शंभर टक्के बंदच असतं.

आणि कंपन्यांचं काय झालं, तर त्यांनाही फटका बसला हे खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. एप्रिल २०२० मध्ये उबरच्या जगभरच्या राइड ८० टक्क्यांच्या आसपास घसरल्या होत्या, ओलाच्या मालकांनी मे मध्ये आपल्या लोकांना लिहिलं की दोन महिन्यांत उत्पन्न ९५ टक्क्यांनी पडलं, १४०० जणांना कमी केलं, उबर इंडियाने ६०० जणांना. वाईटच झालं त्यांचं, त्यांनाही घर आहे. पण त्यांना निदान नोटीस मिळाली, काही महिन्यांचा पगार मिळाला, नोकरी गेली असं कागदावर तरी आलं. आम्ही पार्टनर, त्यामुळे आमची नोकरी गेली असं म्हणता येत नाही कारण ती नव्हतीच. मोबाइलवर अ‍ॅप चालू, लॉगिन चालू, फक्त ट्रिप नाही. कंपन्यांनी ड्रायव्हरसाठी मदतनिधी काढले, ओलाने २० कोटींनी सुरुवात केली, उबरने २५ कोटी जाहीर केले, आणि काही ड्रायव्हरांना त्यातून खरंच पैसे पोचले. पण देशभरातले लाखो ड्रायव्हर आणि महिनोन् महिने बंद, भागाकार तुम्हीच करून बघा.

हप्त्याचं तर विचारू नका. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची सवलत जाहीर केली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. टीव्हीवर ऐकून आमच्या चाळीत सगळ्यांना वाटलं हप्ते माफ झाले. माफ नव्हते, पुढे ढकलले होते, आणि व्याज चालूच होतं. शिवाय रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना सवलत द्यायची परवानगी दिली होती, द्याच असं सांगितलेलं नव्हतं. माझ्या फायनान्सवाल्याचा फोन लागायचा नाही, लागला तर ब्रांचला या म्हणायचे, ब्रांच बंद. सप्टेंबर उजाडला आणि वसुलीचे फोन सुरू झाले, तेव्हा लोकल अजून सर्वसामान्यांना बंद होती, ऑफिसं घरूनच चालू होती, एअरपोर्टला चार ट्रिपांसाठी चाळीस गाड्या रांगेत. म्हणजे हप्त्याची सवलत संपली तेव्हा मागणी आली नव्हती, हा जो मधला काळ आहे ना साहेब, सप्टेंबर २०२० ते पुढचं जवळजवळ एक वर्ष, त्यात गाड्या गेल्या. लॉकडाऊनमध्ये कमी गेल्या, त्याच्यानंतर जास्त गेल्या. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकाची गाडी सकाळी सहाला ओढून नेली, त्याच्या मुलाची शाळेची बॅग आत होती ती पण गेली. व्याजावरचं व्याज घेऊ नका असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं, चांगलं झालं, पण ज्याची गाडीच गेली होती त्याला त्याचं काय.

आता राज्याच्या मदतीबद्दल. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लावताना सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना १५०० रुपये जाहीर केले. रिक्षावाले आमचे भाऊ आहेत, त्यांना मिळाले त्याचा आनंद आहे, ते कमीच होते. पण त्या घोषणेत टॅक्सीवाला नव्हता. दिल्लीने एप्रिल २०२० मध्ये रिक्षा आणि टॅक्सी दोघांच्याही चालकांना ५००० जाहीर केले, कर्नाटकाने मे २०२० मध्ये रिक्षा आणि टॅक्सीवाल्यांना ५००० आणि २०२१ मध्ये परत ३०००. ज्या राज्यात मुंबई आहे, जिथे टॅक्सी शंभर वर्षांहून जुनी आहे, त्या राज्याच्या यादीत आम्ही का नव्हतो याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. चारचाकी आहे म्हणजे पैसेवाला असेल असं वाटलं का? व्यावसायिक चालकाचा बॅज आमच्याकडे आहे, गाडीला पिवळी पाटी आहे, परमिट आरटीओचं आहे, सगळा डेटा तुमच्याच ऑफिसात आहे.

आणि एक गोष्ट फार कमी लोक बोलतात, मागणी सगळी संपली नव्हती. लोकल बंद म्हणजे बदलापूर, कल्याण, डोंबिवली, विरारहून मुंबईच्या हॉस्पिटलात जाणाऱ्या नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांनी जायचं कसं? बेस्ट आणि एसटीने त्यांच्यासाठी गाड्या सोडल्या, त्या ड्रायव्हर कंडक्टरांनी जे केलं त्याला तोड नाही, त्यांच्यातले किती गेले. पण डायलिसिसचा पेशंट, केमोचा पेशंट, नवव्या महिन्यातली बाई, हे बसच्या गर्दीत कसे जाणार? आमच्याकडे गाडी उभी, त्यांच्याकडे गाडी नाही, आणि मध्ये परवानगीचा घोळ. कंपन्यांनी काही शहरांत हॉस्पिटलच्या ट्रिपा सुरू केल्या खऱ्या, पण त्या मोजक्या गाड्यांना. मला त्या दिवसांत बिल्डिंगमधल्या लोकांचे फोन यायचे, आईला न्यायचंय, येशील का. मी गेलो. नाक्यावर पोलीस अडवायचे, त्यांना पेपर दाखवायचे, काही समजून घ्यायचे, काही नाही. टॅक्सीला अत्यावश्यक सेवेत नीट बसवलं असतं, ड्रायव्हरला पास, मास्क, मधला पडदा आणि विमा दिला असता, तर लोकांची सोय झाली असती आणि आमची चूल पेटली असती.

दुसऱ्या लाटेत तर रस्त्यावर आम्ही होतो. अँब्युलन्स मिळत नव्हत्या तेव्हा माणसं टॅक्सीने आणि रिक्षाने हॉस्पिटल शोधत फिरत होती, मागच्या सीटवर ऑक्सिजन उतरलेला माणूस आणि पुढे आम्ही. १ एप्रिल २०२१ पासून लस ४५ च्या वरच्यांना, १ मे पासून १८ च्या वर, आणि मग आपल्याकडे साठा नाही म्हणून १८ ते ४४ चं मे मध्येच थांबवलं. आमचे बहुतेक ड्रायव्हर पस्तिशी चाळिशीतले. दिवसभर बंद गाडीत अनोळखी माणसांसोबत बसणाऱ्याला लसीच्या रांगेत पुढे घ्यायला पाहिजे होतं, हे आत्ता मागे वळून नाही, तेव्हाही दिसत होतं.

आता जे पॅसेंजर हे वाचत असतील त्यांच्यासाठी. २०२२ मध्ये तुमच्या ट्रिपा कॅन्सल होत होत्या, सर्ज, म्हणजे मागणी वाढली की वाढणारं भाडं, दुप्पट लागत होता, ड्रायव्हर फोन करून कुठे जायचंय, पैसे कॅश का ऑनलाइन विचारत होते, तुम्ही वैतागला होता. त्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसाही काढल्या. तुमचा राग बरोबर होता. पण गाड्या कुठे गेल्या हे कुणी विचारलं नाही. मागणी परत आली तेव्हा गाड्या उरल्याच नव्हत्या, कुणाच्या ओढून नेल्या, कुणी विकून गावी शेती बघायला गेलं, कुणी दुचाकीवर पार्सल पोचवायला लागलं, मे २०२० मध्ये तर मुंबईतले कितीतरी टॅक्सीवाले रिक्षावाले नाशिक हायवेने त्याच गाड्या घेऊन यूपी बिहारला गेले, त्यातले सगळे परत आले नाहीत. जे उरले त्यांना सीएनजीने मारलं, २०२० मध्ये मुंबईत किलोला पन्नाशीच्या आत असलेला सीएनजी ऑगस्ट २०२२ मध्ये ८६ रुपये झाला. मग ड्रायव्हर जवळची ट्रिप आणि लांबचं पिकअप घेईल का? २०२० मध्ये ड्रायव्हरला तगवलं असतं तर २०२२ मध्ये पॅसेंजरला रस्त्यावर ताटकळावं लागलं नसतं. परिवहन विभागाने ही गोष्ट मदत म्हणून बघू नये, शहराची वाहतूक शाबूत ठेवायचा खर्च म्हणून बघावी, कारण गाड्या आणि अनुभवी ड्रायव्हर एकदा पांगले की ते महिन्याभरात जमत नाहीत.

केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅग्रीगेटरच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ड्रायव्हरला ८० टक्के भाडं, ५ लाखांचा आरोग्य विमा, १० लाखांचा मुदत विमा होता. वाचून बरं वाटलं होतं. २०२५ मध्ये नव्या सूचना आल्या, आपल्या राज्याचं धोरणही त्याच वर्षी आलं. मी ते बसून वाचलंय. मागणी वाढली तर भाडं किती पट वाढावं याची मर्यादा आहे, ट्रिप कॅन्सल केली तर ड्रायव्हरला दंड किती हे आहे. मागणी सरकारच्याच आदेशाने शून्यावर आली तर ड्रायव्हरचं काय, ते मला कुठे सापडलं नाही. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के गिग कामगारांच्या, म्हणजे अ‍ॅपवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या, निधीत भरायचे आहेत, आणि त्या पैशातून अपघात, आजारपण, म्हातारपण यांची सोय करायची आहे. काम बंद पडल्याच्या काळातल्या भत्त्याचं नावही त्यात जोडून घ्यायला राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा ही माझी पहिली विनंती.

बाकीचं तुमच्याच हातात आहे. प्रत्येक कंपनीकडे रोज कुठल्या जिल्ह्यात किती ट्रिपा झाल्या याचा आकडा असतो, मिनिटामिनिटाचा असतो. तो विभागाने नियमाने मागून घ्यावा. साथीच्या किंवा आपत्तीच्या आदेशामुळे एखाद्या जिल्ह्यातल्या ट्रिपा ठरावीक पातळीच्या खाली गेल्या की त्या दिवसापासून कमिशन आपोआप बंद व्हावं, इन्सेंटिव्हचं टार्गेट रद्द व्हावं, आणि ज्यांचा बॅज आणि परमिट चालू आहे त्यांच्या खात्यात भत्ता सुरू व्हावा, अर्ज नको, सायबर कॅफेच्या चकरा नकोत. ती पातळी किती ते तुम्ही, कंपन्या आणि आमच्या संघटना मिळून ठरवा, पण आत्ता ठरवा. हप्त्याचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे हे मला कळतं, तरी राज्य सरकार बँकर्स समितीत बसतं, तिथे एवढं तरी मांडा की व्यावसायिक प्रवासी गाड्यांची सवलत तारखेवर संपू नये, मागणी परत आल्यावर संपावी, आणि तोपर्यंत गाडी ओढून नेऊ नये. परमिट आणि फिटनेसची मुदत मागच्या वेळी केंद्राने वाढवत वाढवत ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेली होती, त्याने खूप दिलासा मिळाला, म्हणजे मनात आणलं तर होतं. विम्याचा प्रीमियम मात्र गाडी उभी असतानाही भरावाच लागला, त्याचंही बघा.

आणि टॅक्सीला अत्यावश्यक सेवेच्या यादीत आधीपासून ठेवा. प्रत्येक शहरात इच्छुक ड्रायव्हरांची यादी आरटीओकडे असू दे, कोण हॉस्पिटलच्या ड्युटीला तयार आहे ते आधी विचारून ठेवा, त्यांना प्रशिक्षण द्या, लसीच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव घ्या. मी माझं नाव आजच देतो. माझ्यासारखे पुष्कळ देतील.

नियमांवर हरकती सूचना मागवता तेव्हा मुदत थोड्या दिवसांची, पीडीएफ इंग्रजीत, आणि आम्ही दिवसाचे बारा तास रस्त्यावर. पुढच्या वेळी मराठीत काढा आणि ठाणे, पनवेल, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूरच्या आरटीओत एक एक बैठक लावा, दुपारी दोन ते चार, तेव्हा धंदा मंद असतो. २०१९ ते २०२२ चे ट्रिपांचे आणि हप्त्याचे स्टेटमेंट माझ्याकडे छापून ठेवलेले आहेत, इतरांकडेही आहेत, आम्ही ते घेऊन येऊ.

आपला नम्र,
ठाण्यातला एक बॅजधारक टॅक्सीचालक